मोशेचे हात आणि रग्बीचा खेळ



रग्बीत 15 जणांच्या संघाला एक कडक नियम आहे: चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, बाजूला किंवा मागेच द्यायचा. म्हणून पुढे धावणाऱ्याला मागच्यांची खबर ठेवावीच लागते. 'स्क्रम'मध्ये दोन्हीकडचे 8-8 गडी एकमेकांना बिलगून रेटा देतात. पहिल्या रांगेतला मधला गडी दोन बाजूंच्या सोबत्यांना घट्ट धरून असतो. ते ढिले पडले की तोही कोसळतो.

शेमोथच्या 17व्या अध्यायात हेच दिसते. रफिदीम येथे अमालेकाशी लढाई जुंपली. यहोशवा रणात, मोशे टेकडीवर. त्याचे हात वर असता इस्राएलाची सरशी, खाली येता अमालेकाची. तेव्हा अहरोन व हूर यांनी थकलेल्या मोशेला दगडावर बसवून दोन बाजूंनी त्याचे हात सूर्यास्तापर्यंत धरले. मोशे रब्बेनूंनाही आधार घेण्यात कमीपणा वाटला नाही! आणि देवारीम सांगते, अमालेकाचा घाला पडला तो मागे राहिलेल्या थकल्याभागल्यांवर.

1964 साली आपले लोक येरुशलेमात एकजुटीने उभे राहिले. त्याच वर्षी क्नेसेतने आपण सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला. एकट्यादुकट्याने हे साधले नसते.

आज जो धंद्यात, नोकरीत पुढे गेला, त्याने मागे वळून पाहावे. भागीदाराशी हिशेब चोख आहे ना? सिनेगॉगात मिन्यानला दहावा माणूस मिळतो ना? घरच्या वडीलधाऱ्यांची विचारपूस होते ना? मागच्यांना हात दिल्याशिवाय पुढची वाट नाही.

परमेश्वर आपणां सर्वांस तशी बुद्धी देवो. आमेन.