रात्री दोन वाजताचे सत्य

खापरखेड्याचे औष्णिक वीजकेंद्र पाळ्यांवर चालते. 210 मेगावॉटचे चार संच आणि 500 मेगावॉटचा एक. रात्रपाळी तिथे नेहमीचीच. अशा गावात स्मृतिभ्रंश झालेला एखादा निवृत्त कामगार रात्री दोनला उठून चपला चाचपू लागला, ‘डबा भरा, ड्युटीला उशीर होतोय’ म्हणू लागला, तर घरच्यांनी काय सांगावे? ‘बाबा, तुम्ही रिटायर झालात’ हे खरे. पण त्याने तो बिथरतो आणि साऱ्या घराची झोप उडते. ‘आज सुट्टी आहे’ म्हटले तर कदाचित निजेल. मग सत्य सोडले असे होते का? मला तसे वाटत नाही. महाभारताच्या कर्णपर्वातल्या कौशिकाने दरोडेखोरांना जीव वाचवत पळणाऱ्यांची वाट खरी सांगितली आणि तो नरकात गेला; सत्याचे मोल प्राणिमात्राच्या हितावरून ठरते, हे कृष्ण अर्जुनाला त्या कथेतून सांगतो.

यावर कुणी म्हणेल, तिथे जिवाचा प्रश्न होता, इथे झोपेचा. शिवाय स्मृतिभ्रंशाच्या रुग्णसेवेचे अभ्यासक टॉम किटवुड यांनी 1997च्या पुस्तकात रुग्णाची फसवणूक ही त्याचे माणूसपण झिजवणारी वागणूक मानली आहे. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हित कोणाचे, हे तपासायला हवे. भीती शमवणारा शब्द वेगळा आणि आपल्याला निवांत झोपता यावे म्हणून दुधात गुपचूप कुटून घातलेली गोळी वेगळी. झोपेच्या गोळ्यांनी पडण्याचा धोका वाढतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मनोविकारविरोधी औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005मध्येच दिला होता.

बहुतेकदा खोट्याची गरजही पडत नाही. ‘कामाची काळजी वाटतेय का?’ एवढे विचारून जवळ बसले, तरी पुष्कळदा पुरते. खरी सेवा मात्र दिवसा सुरू होते. या आजारात मेंदूतले घड्याळ ढिले पडते. सकाळचे ऊन, शेंगा सोलण्यासारखे काम, दुपारची आटोपशीर झोप आणि संध्याकाळी चहाला फाटा यांनी ते सावरायला मदत होते. दुखणे, लघवीची घाई, बद्धकोष्ठता आधी पाहावी. एवढे करायला वेळ कुणाला, हा प्रश्न खराच. पण साऱ्या रात्री एकट्या सुनेच्या किंवा बायकोच्या गळ्यात घालणे हे त्याचे उत्तर नव्हे. जागरण वाटून घेणारे घरच रुग्णाशी सौम्य राहू शकते, आणि त्या सौम्यतेवाचून खरे बोलणेही हिंसाच ठरते.