सोडण्याचें धैर्य

हातीं धरलेलें सोडणारा मनुष्य कच्च्या मनाचा, असें आपण मानतों. परंतु धरणें नेहमींच चांगलें व सोडणें नेहमींच वाईट, असें आहे काय?

आमच्या रेणापूर तालुक्यांतील उसाकडे पाहा. तो शेतांत बारा ते अठरा महिने उभा असतो व सुमारें 2000 मिलिमीटर पाणी पितो. लातूर जिल्ह्यांत वर्षाचा पाऊस मात्र सुमारें 800 मिलिमीटर. उरलेलें पाणी बहुतेक विहिरींतून व बोअरांतून येतें. आणि भूमीच्या पोटांतील पाणी कोणाचा बांध ओळखत नाहीं. 2016 च्या एप्रिलांत लातुरास पिण्याचें पाणी मिरजेहून आगगाडीनें आणावें लागलें. पाऊस थोडा झाला होता हें खरें. पण जें होतें तें कोणीं प्यालें?

म्हणून ऊस सोडून तूर, हरभरा धरणारा भित्रा नव्हे. तथापि उपदेश सोपा असतो. एका बंधूस आम्हीं "ऊस सोडा" म्हटलें, तेव्हां ते म्हणाले, "पाळकसाहेब, कारखाना ऊस नेतो. तुरीस हमीभाव आहे, पण बाजारांत तो मिळेलच असें नाहीं. पोरीची फी कोण भरील?" आम्हीं निरुत्तर झालों.

तेव्हांपासून आम्हांस वाटतें कीं, एकट्यानें सोडणें कठीण. मंडळीनें हात दिला तर तें साधेल. सगळें सोडवत नसेल, तर एक एकर सोडा. आणि सोडणाऱ्याचा पहिल्या वर्षाचा भार आपण वांटून घेऊं. विहिरींत उन्हाळ्यापर्यंत उरलेलें पाणी व शेजाऱ्यासमोर ताठ राहणारी मान, ही कमाई थोडी नव्हे.

बंधुभगिनींनो, आपण जें धरून बसलों आहों, तें कोणाची तहान वाढवितें?