एस्तेर राणी आणि सेल्मा येथील पूल

मननासाठी शास्त्रभाग : एस्तेर, अध्याय ४ व ८



रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय आपल्या मंडळ्यांतून वारंवार वाचला जातो, आणि तो वाचला जावा हे योग्यच आहे. कर भरावा, अधिकाऱ्यांचा मान राखावा, हे आपण मुलाबाळांस शिकवितो. परंतु एका खेड्यातील उपदेशकाने उपासनेनंतर मला विचारले, “पाळकसाहेब, कायदाच जर माणसाचे तोंड बांधण्याकरिता केलेला असेल, तर ख्रिस्ती मनुष्याने काय करावे?” त्या दिवशी मी त्यास नीट उत्तर देऊ शकलो नाही. जे सुचले ते पुढे एस्तेरचे पुस्तक वाचताना सुचले. म्हणून हा लेख.

शूशन राजवाड्यात कायदा असा होता की, बोलावणे आल्याशिवाय जो कोणी आतल्या चौकात राजापुढे जाईल त्याने मरावे. राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच तो वाचे. एस्तेरला तीस दिवस बोलावणे नव्हते. इकडे तिच्या लोकांच्या नाशाचे फर्मान निघालेले, आणि दाद मागावयाची वाट तर कायद्यानेच बंद! तेव्हा तिने काय केले? तिने पहारेकऱ्यास लाच दिली नाही, की रात्री चोरवाटेने शिरली नाही. तिने तीन दिवस उपास केला व आपल्या लोकांस करावयास लाविला. मग राजवस्त्रे लेवून ती सर्वांदेखत चौकात उभी राहिली. मरण आले तर ते पत्करण्याचा निश्चय तिने आधीच केला होता. हा कायदेभंगच होय. ह्यास दुसरे नाव देता येत नाही.

आता अमेरिकेकडे वळू. तेथील राज्यघटनेत १८७० साली दुरुस्ती होऊन वर्णामुळे कोणाचा मताधिकार हिरावू नये असे ठरले होते. तरीही अलाबामा राज्यातील सेल्मा गावी १९६५ च्या आरंभी काय स्थिती होती? नावनोंदणीची कचेरी सामान्यतः महिन्यातून दोनच दिवस उघडे. लांबलचक अर्ज, घटनेच्या कलमांवर प्रश्न, आणि उत्तर बरोबर की चूक हे ठरविणारा अधिकारी गोरा. शिवाय आधीच्या मतदाराने जामीन राहिल्यासारखी साक्ष द्यावयाची; ज्यांच्यात मतदारच नाहीत त्यांनी साक्षी आणावा कोठून? त्या जिल्ह्यात कृष्णवर्णीय प्रौढ सुमारे १५,००० होते, आणि यादीत त्यांची नावे जेमतेम काही शेकडा. शेजारच्या लाउंड्स जिल्ह्यात तर एकही नाव नव्हते.

त्यावर १९६४ च्या जुलैत एका स्थानिक न्यायाधीशाने हुकूम काढिला की, नागरी हक्कांच्या चळवळीतर्फे तिघांहून कमी नाहीत इतक्यांनी एकत्र जमू नये. जेथे दोघे-तिघे जमतात तेथे आपला प्रभू हजर असतो; येथे तिघांनाच मनाई! २ जानेवारी १९६५ रोजी ब्राउन चॅपल ह्या देवळात शेकडो लोक जमले आणि रेव्हरंड मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनी भाषण केले. मंडळी देवळात बसली हाच हुकूमभंग झाला.

२२ जानेवारीस शंभराहून अधिक शाळामास्तर व मास्तरणी कचेरीवर चालून गेले. त्यांचे पुढारी रेव्हरंड रीस हे स्वतः शिक्षक होते. आपल्यापैकी जे शाळा सांभाळतात त्यांस नोकरी म्हणजे काय हे सांगावयास नको. पोलिसांनी त्यांस पायऱ्यांवरून ढकलले, ते पुन्हा चढले. पुढच्या महिन्यात जिमी ली जॅक्सन ह्या २६ वर्षांच्या मंडळीसेवकास पोलिसाची गोळी लागली व तो मरण पावला. नाव नोंदविण्याचा त्याने अनेकदा यत्न केला होता.

७ मार्च, रविवार. गव्हर्नराची मनाई असता सुमारे ६०० जण पुलावर आले. पुढे जॉन लुईस, २५ वर्षांचा, पाळकी शिक्षण घेतलेला तरुण. त्याच्या पाठीवरील पिशवीत दोन पुस्तके, एक सफरचंद, एक संत्रे व दात घासण्याचा ब्रश होता. कारण तुरुंगात जावे लागेल अशी त्याची तयारी होती. तुरुंगाऐवजी लाठी मिळाली. त्याच्या कवटीस तडा गेला. हा संयम त्यास नॅशव्हिल येथे जेम्स लॉसन ह्यांनी शिकविला होता, आणि हे लॉसन १९५३ पासून १९५६ पर्यंत मेथॉडिस्ट मिशनरी म्हणून आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. गांधीजींच्या मार्गाचा त्यांनी तेथे अभ्यास केला. आपल्याकडून समुद्रापार काय गेले, ह्याचा आपणांस क्वचितच पत्ता असतो.

दोन दिवसांनी एक विचित्र गोष्ट घडली. ह्या वेळी मनाई आली ती केंद्रीय न्यायालयाच्या न्यायाधीशाची, सुनावणी होईपर्यंतची. किंग सुमारे २,००० लोकांस घेऊन पुलावर गेले, सर्वांनी प्रार्थना केली, आणि ते परत फिरले. तरुण मंडळी रागावली. मला मात्र हे माघार घेणे भ्याडपणाचे वाटत नाही. दाद देणारे दार जेथे उघडे होते, तेथे त्यांनी थांबून पाहिले. त्याच न्यायाधीशाने पुढे परवानगी दिली. २१ मार्चला निघालेली यात्रा २५ मार्चला मॉन्टगोमेरीस पोहोचली, तेव्हा सुमारे २५,००० माणसे जमली होती.

एस्तेरच्या आठव्या अध्यायात आहे की, राजमुद्रेचे जुने फर्मान राजासही रद्द करता येईना. म्हणून दुसरे काढावे लागले. (त्या दुसऱ्या फर्मानात तलवार होती, व तो भाग मला आजही जड जातो.) सेल्माच्या लोकांस मिळालेल्या दुसऱ्या फर्मानात तलवार नव्हती: ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकाराच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांची सही झाली, त्या परीक्षा बंद पडल्या, आणि केंद्राचे अधिकारी नावे नोंदवू लागले. ज्या शेरीफाने घोडेस्वार घातले होते, तो १९६६ मध्ये आपल्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत हरला.

पण हामान एकदाच जन्मत नाही. २०१३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचे एक मुख्य कलम निकामी केले. २०२१ साली जॉर्जिया राज्याने मतदानासाठी रांगेत उभ्या असलेल्यास कोणी पाणी वा अन्न देणे हा गुन्हा ठरविला. एक प्याला पाणी देण्याविषयी प्रभूने काय सांगितले आहे हे आपल्या रविवार-शाळेतील पोरेही जाणतात. त्याच वर्षी मताधिकारासाठी वॉशिंग्टनमध्ये निदर्शने करताना काही लोकप्रतिनिधींस अटक झाली, आणि ते शांतपणे पोलिसांबरोबर गेले.

तेव्हा त्या उपदेशकबंधूस माझे उत्तर हे आहे. तेरावा अध्याय खोडू नका. जो उघडपणे, प्रार्थना करून, कोणावर हात न उगारता कायदा मोडतो आणि शिक्षा भोगावयास स्वतः उभा राहतो, तो अधिकाऱ्याचा अधिकार नाकारीत नाही. तो त्याच्याच समोर जाऊन न्याय मागतो. अहश्वेरोशाकडे एस्तेर बंड करावयास गेली नव्हती. ती विनंती घेऊन गेली होती. चोरून कायदा मोडणारा मनुष्य वेगळा, आणि आपल्या शेताच्या बांधापुरते भांडणाऱ्याने एस्तेरचे नाव घेऊ नये.

जॉन लुईस पुढे अनेक वर्षे काँग्रेसचे सभासद राहिले व जुलै २०२० मध्ये निवर्तले. त्यांची शवपेटी घोड्यांच्या गाड्यावरून त्याच पुलावरून नेण्यात आली. वाटेवर गुलाबाच्या पाकळ्या पसरल्या होत्या, आणि अलाबामाच्या पोलिसांनी पेटीस सलामी दिली.