द्राक्षमळा आणि प्रगतिपुस्तक

आपल्या कॅथलिक शाळांच्या वेळापत्रकात पाचवी ते सातवीच्या वर्गांसाठी आठवड्याकाठी धर्मशिक्षणाचा वा नीतिशिक्षणाचा एखाददुसरा तास राखून ठेवलेला असतो. बाकीचे तास गणिताचे, भाषेचे, विज्ञानाचे. त्या एका तासात जे सांगितले जाते, ते उरलेल्या तासांत खरे ठरते काय? पालकसभेत हा प्रश्न सहसा निघत नाही. मुले मात्र तो मनातल्या मनात विचारीत असतात.

प्रभू येशूने सांगितलेला द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला घेऊ या. तो संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात आहे. पहाटे कामावर आलेल्यांना आणि दिवस संपायला तासभर उरला असताना आलेल्यांना मळ्याचा धनी सारखीच मजुरी देतो. लहान मूल ही गोष्ट केवळ गोष्ट म्हणून ऐकते. दहा-बारा वर्षांच्या मुलांपुढे ती सांगितली, की वर्गात चुळबूळ सुरू होते. हा अन्याय आहे, असे कोणीतरी म्हणतेच. येथे मजुरी म्हणजे स्वर्गराज्य, असे सांगून विषय आटोपता येतो. ते उत्तर चुकीचे नाही. परंतु मुलाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

हा प्रश्न याच वयात का पडावा? स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी मुलांच्या नैतिक निर्णयशक्तीवरील आपला ग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध केला. लहान मुलांना मोठी माणसे सांगतील ते न्याय्य वाटते. पुढे आठ ते अकराच्या सुमारास सर्वांना अगदी सारखे मिळावे असा आग्रह धरला जातो. आणि अकरा-बाराच्या पुढे ज्याची त्याची परिस्थिती पाहून न्याय करावा, ही जाणीव उमलू लागते, असे त्यांना मुलांशी बोलताना आढळले. म्हणजे उच्च प्राथमिक वर्गांतील मूल नेमके या उंबरठ्यावर उभे असते. त्याच्या हाती तराजू नुकताच आलेला असतो. त्या तराजूत काय काय घालायचे, हे त्याला अजून ठरवायचे असते.

दाखला पुन्हा वाचला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. उशिरा आलेले मजूर आळशी नव्हते. दिवसभर उभे का राहिलात, असे धन्याने विचारले तेव्हा आम्हांला कोणी कामावर लावले नाही, एवढेच ते सांगतात. मुंबईच्या नाक्यांवर सकाळी थापी-घमेले घेऊन उभे राहणारे मजूर आपल्या मुलांनी पाहिलेले असतात. ज्याला कोणी नेले नाही, त्याच्याही घरी संध्याकाळी चूल पेटावी लागतेच. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असे अनुवादाच्या पुस्तकातील नियमशास्त्र बजावते, कारण त्याचा जीव तीवर अवलंबून असतो. पहाटे आलेल्यांशी धन्याने जे ठरविले होते ते त्याने पूर्ण दिले. त्यांचे काहीही हिरावले गेले नाही. मात्र शेवटच्या मजुराला देताना त्याने कामाचे तास मोजले नाहीत. त्याची भूक पाहिली.

एवढे शिकवून होते न होते तोच घंटा वाजते आणि पुढच्या तासाला चाचणीच्या वह्या परत मिळतात. श्रेणीपद्धती आली तरी पहिला कोण आणि शेवटचा कोण हे वर्गाला ठाऊक असतेच. मग मुलाने खरे काय मानावे? दाखला रविवारसाठी आणि क्रमांक आठवड्याच्या इतर दिवसांसाठी, असे?

यावर एक रास्त आक्षेप आहे. सर्वांना सारखेच गुण द्यायचे म्हणजे खोटे बोलायचे. ज्याला अपूर्णांक येत नाहीत त्याला ते येतात असे लिहून देणे हे औदार्य नव्हे, ती त्याची फसवणूक आहे. आम्हांला हा आक्षेप पूर्णपणे मान्य आहे. मात्र त्यातूनच उत्तराची वाट निघते. गुण हे माप आहे. ती मजुरी नव्हे. तापमापकाने ताप खरा दाखविला पाहिजे. पण ज्याला ताप अधिक त्याला औषध कमी, असे कोणताही वैद्य करीत नाही. शाळेतील खरी मजुरी निराळीच असते. शिक्षकाचा वेळ, नावाने मारलेली हाक, फळ्यापाशी जाण्याची संधी, वार्षिक संमेलनातील एखादी भूमिका, पुन्हा एकदा समजावून सांगण्याचा धीर, हे सारे मुलाचे त्या दिवसाचे अन्न होय. मापाप्रमाणे हे अन्न वाटले जाते, तेव्हा दाखला वर्गाबाहेर घालविला जातो.

हे केवळ स्वप्नरंजन नाही. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगराळ भागातील बार्बियाना या वस्तीत १९५४ साली फादर लोरेन्झो मिलानी यांची नेमणूक झाली. शेतकऱ्यांच्या नापास झालेल्या मुलांसाठी त्यांनी धर्मगुरुनिवासातच शाळा चालविली. तेथे सर्वांत मागे असलेल्या मुलाला समजल्याशिवाय बाकीचे पुढे जात नसत, आणि ज्याला आधी समजले तो दुसऱ्याला शिकवी. त्यांच्या आठ विद्यार्थ्यांनी मिळून लिहिलेले ‘एका शिक्षिकेस पत्र’ हे पुस्तक १९६७ साली निघाले. शाळेतून गळणारी मुले बहुतांशी कोणाच्या घरची असतात, हे त्यांनी आकडे मांडून दाखविले. त्याच वर्षी फादर मिलानी वारले. २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी बार्बियानाला जाऊन त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना केली.

आपल्याकडेही हा प्रश्न जिवंत आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात मागे ठेवू नये असे ठरविले होते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत तशी मुभा राज्यांना दिली आणि महाराष्ट्राने २०२३ साली ती स्वीकारली. याच कायद्यात खाजगी विनाअनुदानित शाळांनी दुर्बल घटकांतील बालकांसाठी प्रवेशाच्या वेळी पंचवीस टक्के जागा ठेवण्याची तरतूद आहे. परंतु हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. कायद्याने मोकळे केले म्हणून विवेकबुद्धीने मोकळे केले असे होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या शिक्षणविषयक घोषणापत्रात गरिबांची, घरच्या आधाराला पारखे झालेल्यांची आणि ख्रिस्ती श्रद्धेचे दान न लाभलेल्यांचीही विशेष काळजी कॅथलिक शाळांनी वाहावी, असे सांगितले आहे.

यासाठी काही किंमत मोजावी लागते, हे लपवून चालणार नाही. चाळीस मिनिटांच्या तासातील दहा मिनिटे मागे राहिलेल्या मुलाला दिली, तर पुढे असलेल्याचे एखादे जास्तीचे उदाहरण राहून जाईल. त्याचे आईवडील कुरकुरतील, आणि ती कुरकूर द्राक्षमळ्यातील पहाटेच्या मजुरांची आहे. आमच्या मुलाचे ठरलेले त्याला मिळाले का, हे विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. दुसऱ्याला का दिले, हे विचारण्यापूर्वी मात्र धन्याचे उत्तर ऐकावे.

शाळेने काय करावे याचा विचार शाळा करील. तो करावा म्हणून पालकांनी पालकसभेत विषय काढावा. घरची गोष्ट मात्र आपल्या हाती आहे. प्रगतिपुस्तक आले की कितवा आलास, असे आपण विचारतो. त्याला जोडून आणखी एक प्रश्न विचारून पाहावा: तुझ्या बाकावर बसणाऱ्याला ते गणित समजले का? मुलाला पहिल्यांदा तो चमत्कारिक वाटेल. त्याच्याशी माझा काय संबंध, असेही ते कदाचित म्हणेल. तसे म्हटले, तर त्या रात्री कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी मत्तयचा विसावा अध्याय काढावा आणि मुलालाच तो मोठ्याने वाचू द्यावा.