बाटली कधी सोडवायची?



जुईनगरच्या इमारतींच्या जिन्याखाली आईविना पडलेली मांजराची पिल्ले आपली मुले घरी आणतात. गाईच्या दुधाने त्यांना जुलाब होतात. पिल्लांसाठीची दूध पावडर कालवून बाटलीने पाजावी लागते. खरी कसोटी ४ आठवड्यांनंतर. त्याच दुधात कालवलेले मऊ अन्न बशीत ठेवायचे, बाटली हळूहळू कमी करायची. पिल्लू ओरडते; आपला जीव तुटतो. म्हणून बाटली देतच राहणे हे प्रेम, की आपलीच गरज?

संत थॉमस अक्वायनस सांगतात, प्रेम म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. स्तोत्र १३१ मधला शांत जीव दूध सुटलेल्या बाळासारखा आईजवळ आहे. दूध सुटले, आई सुटली नाही.

आईबाबांनो, मोठ्या झालेल्या मुलांसाठी कोणती बाटली आपण अजून धरून आहोत?