डाव सोडून गेलेला गडी

चि. सई,


डिस्कॉर्डवर तेरा जणांचा माफियाचा डाव चालवणार आहेस, छान. तुझी नियमावली वाचली. मतदान, रात्रीच्या चाली, सगळं चोख आहे. पण कुणी मधेच गायब झालं तर काय, यावर एकच ओळ दिसली: 'खेळाडूला काढून टाकले जाईल.' ती आधी खोड.

१९८६च्या सुमारास मॉस्को विद्यापीठात दिमित्री डाविडॉफने हा खेळ काढला, तेव्हा सगळे एका खोलीत समोरासमोर बसायचे. मधेच उठून कोण जाणार? तुझ्या डावातला एक 'दिवस', म्हणजे चर्चेपासून फाशीच्या मतदानापर्यंतची फेरी, आठवडाभर चालणार. त्यात कुणाची परीक्षा येईल, कुणाला ताप. राजा-प्रधान-शिपाई-चोर खेळताना एखादं पोर जेवायला पळालं, तर चिठ्ठ्या पुन्हा उधळल्या की झालं. इथे आठवडाभराचे संशय आणि भांडणं पुन्हा उधळता येत नाहीत. माणूस गेला तरी त्याची जागा राहिली पाहिजे.

हिशोब करून बघ. सात जण उरलेत: पाच गावकरी, दोन माफिया. गावाने चुकून आपल्याच माणसाला फाशी दिली आणि रात्री माफियांनी आणखी एक मारला, तरी सकाळी तीनास दोन, डाव जिवंत. आता त्याच सातांतला एक मुका गावकरी तू काढलास, तर उरले चारास दोन. यापुढे एक चूक आणि एक रात्र, की दोनास दोन. बरोबरी झाली, म्हणजे माफिया जिंकले! आणि काढलेला माफिया निघाला, तर गावाला शिकार फुकटात मिळाली. दोन्हीकडून निकाल तूच लावलास.

म्हणून अठ्ठेचाळीस तास कुणी बोललं नाही, तर त्याला खासगीत विचार. आणखी एक दिवस वाट बघ. मग बदली आण. बदली गडी मेलेल्यांच्या चॅनेलवर डोकावून आलेला नसावा. त्याला भूमिकेचा मूळ संदेश जसाच्या तसा दे, डिटेक्टिव्ह असेल तर मागच्या रात्रींच्या तपासाचे निकालही. मागचं वाचायला मुदत वाढव, पण सगळ्यांना सारखीच. घोषणेचं वाक्य ठरलेलं ठेव, कारण सांगू नकोस. 'बिचाऱ्याला फार ताण आला होता' एवढं लिहिलंस, तरी लोक त्यातून तो माफिया होता असं ताडतात, आणि बरेचदा बरोबर ताडतात!

शिवीगाळ करणाऱ्याला मात्र त्याच क्षणी बाहेर काढ. तरी जागा तशीच ठेव, तिथे दुसरा बसव. जागेसकट काढायची वेळ एकाच गुन्ह्यात येते: तू पाठवलेला भूमिकेचा संदेश कुणी सगळ्यांसमोर जसाच्या तसा चिकटवला तर. तो खोटा पाडता येत नाही, आणि नवा गडी आणून तो पुराव्याचा कागद पुसलाही जात नाही. कठोर वाटेल, पण हा नियम पहिल्याच दिवशी ठळक अक्षरांत लिही.

(अमंग अस या व्हिडिओ गेममध्ये शेवटचा इम्पोस्टर, म्हणजे लपलेला शत्रू, निघून गेला की बाकीचे जिंकतात. दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीला ते चालून जातं, तुझ्या लांबच्या डावाला नाही.)

राखीव नावं दोन तरी आधीच घेऊन ठेव. त्यातलं एक माझं घाल, आणि कुणाला कोणती भूमिका दिलीस ते मला दाखवू नकोस.

तुझा,
मामा