बलवान की विश्वासू?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी यांसारख्या यंत्रमागाच्या गावांत कामगार युनियनची निवडणूक महापालिकेच्या निवडणुकीइतकी गाजत नाही. पण घरातल्या चुलीशी तिचा संबंध अधिक जवळचा असतो. मीटरमागे मजुरी किती मिळणार, बोनस किती, बारा तासांची पाळी करून आजारी पडलेल्या कामगाराला काढून टाकले तर मालकाच्या दारात कोण जाणार, हे तिथे ठरते. म्हणून मत कुणाला द्यावे हा प्रश्न आम्हाला राजकारणाचा कमी आणि नीतीचा अधिक वाटतो.

असे समजू या, की अध्यक्षपदासाठी दोघे उभे आहेत. पहिला धडाडीचा आहे. मालकांसमोर आवाज चढवतो, लेबर ऑफिसात त्याचे काम अडत नाही. मात्र वर्गणीचा हिशेब विचारला की हसून विषय बदलतो. दुसरा पाच वक्ताचा नमाजी आहे. एका रुपयाचीही पावती जपून ठेवतो. पण मालकाने खुर्ची पुढे केली, चहा मागवला, की त्याची जीभ जड होते. आपण कुणाला निवडावे?

अनेकजण हा पेच बिरादरीच्या नावाने सोडवतात. आपल्या मोहल्ल्याचा, आपल्या जमातीचा जो असेल तो आपला. पण यंत्रमागाच्या गावांत ही कसोटी पहिल्याच पावलाला कोलमडते. तिथे कित्येक ठिकाणी मालक आणि मजूर एकाच बिरादरीचे असतात, जुम्याच्या नमाजात एकाच सफमध्ये उभे राहतात. बिरादरीनेच न्याय मिळाला असता, तर युनियनची गरजच पडली नसती. दुसरे काही जण उपकाराचे मत देतात. त्याने माझ्या मुलाला कामाला लावले, मग मत त्यालाच. कृतज्ञता चांगली गोष्ट आहे. पण स्वतःवरचे ऋण हजार कामगारांच्या रोजीतून फेडण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

कुरआनच्या सूरह कससमध्ये हजरत मूसा (अलैहि.) यांची हकीकत येते. मिस्रमधून निघून ते मदयनला पोचले आणि तिथे दोन बहिणींच्या जनावरांना त्यांनी पाणी पाजले. पुढे त्यांतल्या एकीने वडिलांना सुचवले, की यांना कामावर ठेवावे. कारण हे बलवान आहेत आणि विश्वासूही आहेत. मग आठ वर्षांच्या चाकरीचा करार झाला आणि त्याच्या अटी आधीच स्पष्ट बोलल्या गेल्या. माणूस निवडण्याच्या या दोन कसोट्या मजुरीच्या प्रसंगातच आल्या आहेत, ही गोष्ट कष्टकऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पण दोन्ही गुण एकाच माणसात नसतील तर? हजरत अबूजर गिफारी (रजि.) यांच्या सचोटीबद्दल कुणाला शंका नव्हती. तरीही त्यांनी पद मागितले तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना समजावले, की तुम्ही दुर्बळ आहात आणि पद ही अमानत आहे. म्हणजे केवळ नेकी पुरेशी नाही. इमाम अहमद बिन हंबल यांना दोन सेनापतींविषयी विचारले गेले होते, एक शूर पण दुराचारी आणि दुसरा सदाचारी पण दुबळा. त्यांनी पहिल्याच्या बाजूने कौल दिला. त्याच्या दुराचाराचे नुकसान त्याचे एकट्याचे आणि शौर्याचा लाभ सर्वांचा, असा त्यांचा विचार होता. इमाम इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांनी यावरून नियम मांडला, की पद कोणते आहे ते पाहावे. लढाईसाठी बलवान निवडावा, खजिन्यासाठी अमानतदार.

हा विचार मोलाचा आहे. पण युनियनला तो जसाच्या तसा लावता येत नाही. सेनापती उघड्या मैदानात लढतो. युनियनचा अध्यक्ष बंद खोलीत मालकासमोर बसतो, आणि तिथे त्याची ताकद विकलीही जाऊ शकते. तेव्हा त्याच्या बेइमानीचे नुकसान त्याच्या एकट्याचे राहत नाही, प्रत्येक मागावर उभ्या असलेल्या माणसाचे होते. उलट, दुबळ्या अध्यक्षाचा नेकपणा मालकाला फार आवडतो, कारण तो त्याला स्वस्त पडतो.

म्हणून आमचे मत असे आहे. वाटाघाटीसाठी बोलणारा, न दबणारा माणूस निवडावा; पण तिजोरी त्याच्या हाती देऊ नये. ती पावत्या जपणाऱ्याकडे असावी. आणि कोणताही करार कामगारांच्या सभेत वाचून दाखवल्याशिवाय अध्यक्षाने सही करू नये. ही अट जो मतदानाआधी सर्वांसमोर मान्य करत नाही, त्याला बलवान म्हणू नये. त्याचा आवाज मोठा आहे, एवढेच.

निवडण्याचा हक्कच नसला तर काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. हा दर्जा सभासदसंख्येवर मिळे, गुप्त मतदानावर नाही. नाराज कामगार स्वतः होऊन डॉ. दत्ता सामंतांकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. मदनपुऱ्यातल्या मोमीन विणकरांपासून कोकणातल्या चाकरमान्यांपर्यंत हजारो घरांनी त्याची किंमत मोजली. संघटनेत मतपेटी असती, तर कामगारांना आपला राग आणि आपला निर्णय मांडायला एक सरळ वाट मिळाली असती.

ज्यांच्या युनियनमध्ये ती वाट आहे, त्यांनी ती चहापाण्यावर गमावू नये. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने सभासदाला हिशेबाची वही पाहण्याचा हक्क दिला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. पण वही उघडायला सांगणारा सभासदच नसेल, तर कोणताही कायदा ती उघडून दाखवत नाही. पद ही निवडून आलेल्याकडे असलेली अमानत आहे, हे आपण नेहमी ऐकतो. त्याआधी मत ही आपल्याकडे असलेली अमानत असते. ते देऊन आपली जबाबदारी संपत नाही; दर वर्षी सभेला जाऊन, उभे राहून हिशेब विचारणे हाही त्या अमानतीचाच भाग आहे.